घरचें यंत्र : मोटारीचा पट्टा आणि त्याची ताणकप्पी

घरांत मोटार असणें ही आतां नवलाईची गोष्ट राहिलेली नाहीं. जळगांव, धुळें, भुसावळ, अमळनेर येथील मध्यम स्थितीच्या कित्येक घरांपुढें ती उभी असते. परंतु शिवणयंत्राची किंवा पाण्याच्या पंपाची जेवढी ओळख घरच्या माणसांस असते, तेवढी मोटारीची नसते. तिचें बॉनेट उघडणें हें मिस्त्रीचेंच काम, अशी समजूत दृढ झालेली आहे. कांहीं कामें खरोखर मिस्त्रीचींच आहेत. पण कांहीं थोड्या धीरानें घरीं होण्याजोगीं आहेत. एंजिनाच्या तोंडाशीं फिरणारा रबरी पट्टा बदलणें हें त्यांपैकीं एक होय.

मिस्त्री लोक या पट्ट्यास अद्याप ‘फॅनबेल्ट’च म्हणतात. वास्तविक बहुतेक नव्या मोटारींत पंखा विजेवर चालतो आणि पट्ट्याकडे दुसरींच कामें असतात. बॅटरी भरणारा आल्टर्नेटर, थंड हवेच्या यंत्राचा कॉम्प्रेसर, कित्येक एंजिनांत पाणी खेळविणारा पंप आणि कांहींत सुकाणूचा तेलपंप, एवढ्यांना तो फिरवितो. १९१७ सालीं अमेरिकेंत डेन्व्हर येथें जॉन गेट्स यांनीं पाचरीच्या आकाराचा रबरी पट्टा काढला. पुढें एका मोटारीस असे दोन-तीन पट्टे असत. १९७९ च्या फोर्ड मुस्टँग गाडीपासून सर्व कप्प्यांवरून नागमोडी जाणारा एकच रुंद पट्टा प्रचारांत आला. त्याच्या आंतल्या बाजूस उभ्या धारा असतात. पट्ट्यावर ‘६ पीके १७००’ असें कांहीं छापलेलें असतें. त्याचा अर्थ धारा सहा आणि लांबी १७०० मिलिमीटर. दोन धारांतील अंतर ३.५६ मिलिमीटर असतें. दुकानांत हे आंकडे जुळवूनच पट्टा घ्यावा.

आतां ताणाचा विचार करूं. बैलाचा कासरा खुंट्यास दोन-तीन वेढे देऊन हातांत धरला, तर दांडगा बैलहि हलूं शकत नाहीं. मात्र हातांतलें टोंक अगदींच सोडून दिलें, तर वेढ्यांचा कांहीं उपयोग होत नाहीं. पट्ट्याचें तसेंच आहे. ज्या बाजूनें तो ओढला जातो ती बाजू आपोआप ताठ राहते; पण दुसरी ढिली बाजू कोणी तरी धरून ठेवली नाहीं, तर तो कप्पीवर घसरूं लागतो. पायानें चालवावयाच्या शिवणयंत्राचा चामडी पट्टा सैल झाला कीं आपल्या आज्या-आया तो बोटभर कापून तारेच्या आंकड्यानें पुन्हां जोडीत. मोटारीचा पट्टा अखंड असल्यामुळें तसें करतां येत नाहीं. म्हणून ढिल्या बाजूवर स्प्रिंगच्या जोरानें टेकणारी एक कप्पी बसविलेली असते. इंग्रजींत तिला टेन्शनर म्हणतात. आपण ताणकप्पी म्हणूं.

हा पट्टा तुटल्यानें काय होतें, तें खानदेशांत विशेष ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. जळगांवाहून धुळ्यास जाणारा महामार्ग (पूर्वीचा क्रमांक ६, आतांचा ५३) एरंडोल व पारोळ्यावरून सुमारें ९० किलोमीटर जातो. मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर असतांना, मुलेंबाळें व वृद्ध मंडळी गाडींत बसलेलीं असतांना पट्टा तुटला, कीं प्रथम बॅटरीचा तांबडा दिवा लागतो आणि थंड हवा बंद पडते. पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर असेल तर कांहीं मिनिटांत एंजिन तापून त्याच्या माथ्याची झांकणी वांकडी होते. अशा वेळीं ‘पुढल्या गांवापर्यंत नेऊं’ असें म्हणूं नये. गाडी सावलींत, रस्त्याच्या कडेस घेऊन एंजिन तत्काळ बंद करावें आणि तें निवेपर्यंत रेडिएटरच्या टोपणास हात लावूं नये. कांहीं शें रुपयांच्या पट्ट्यापायीं एंजिनाचा खर्च हजारोंच्या घरांत जातो.

पट्टा म्हातारा झाला हें ओळखावें कसें? पूर्वीच्या रबरावर भेगा पडत आणि त्या डोळ्यांस दिसत. अलीकडचे पट्टे ईपीडीएम नांवाच्या रबराचे असतात. ते सहसा भेगाळत नाहींत. टायरसारखे नुसते झिजतात, व त्यामुळें दिसावयास धडधाकट राहूनहि कप्पीच्या खांचांत घसरतात. म्हणून केवळ दिसण्यावर विसंबूं नये. गाडीच्या पुस्तकांत सांगितलेलें अंतर पाहावें. तें बहुधा ६०,००० ते १,००,००० किलोमीटरांच्या दरम्यान असतें. कपाशीच्या दिवसांतील धूळ व उन्हाळ्याची धग यांमुळें आपल्याकडे तपासणी थोडी आधींच करणें बरें. सकाळीं एंजिन सुरू करतांच किंवा थंड हवा लावतांच येणारी किंकाळी ही पट्ट्याची तक्रार समजावी.

कामास हात घालण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या. झांकणाच्या आंत असलेला टायमिंग बेल्ट हा निराळाच पट्टा होय. त्यांत दात्यांची चूक झाली तर कित्येक एंजिनांचे व्हॉल्व्ह वांकूं शकतात, सबब तो घरीं मुळींच काढूं नये. कांहीं गाड्यांत ताणकप्पी नसून पट्टाच लवचिक असतो. तो चढविण्यास खास अवजार लागतें. कांहींत आल्टर्नेटर सरकवून ताण द्यावा लागतो. आपल्या गाडीस स्प्रिंगची ताणकप्पी असेल, तरच पुढील रीत लागू पडेल.

काम एंजिन पूर्ण थंड असतां, सपाट जागीं करावें. हातब्रेक ओढावा, किल्ली काढून खिशांत ठेवावी आणि बॅटरीची ऋण तार सोडावी. धोतराचा सोगा, पदर, ओढणी, वेणी, आंगठी, बांगड्या यांपैकीं कांहींहि यंत्राजवळ लोंबत नसावें. जुना पट्टा कोणत्या कप्पीवरून कसा गेला आहे याचें चित्र काढावें किंवा मोबाइलनें छायाचित्र घ्यावें. ही पायरी गाळल्यास नंतर तासभर कोडें सोडवीत बसावें लागतें. मग ताणकप्पीच्या दांड्यास लांब मुठीचा पाना लावून ती पट्ट्यापासून दूर वळवावी, सोईच्या कप्पीवरून पट्टा उतरवावा आणि दांडा हळूहळू परत सोडावा. स्प्रिंगमध्यें बराच जोर सांठलेला असतो. पाना निसटला तर बोटें चेंगरतात. म्हणून दुसरा हात कधींहि त्या वाटेंत ठेवूं नये.

आतां खरी परीक्षा ताणकप्पीची. कित्येक लोक पट्टा तेवढा बदलतात आणि सहा महिन्यांत पुन्हां किंकाळी ऐकूं आली म्हणजे पट्ट्यासच दोष देतात. कप्पी बोटानें फिरवून पाहावी. ती मुकाट्यानें फिरली पाहिजे. खरखर करूं नये, डुलूं नये, आणि मोकळी भरभर फिरत राहिली तर बेअरिंगांतील वंगण सुकलें असें समजावें. दांडा एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत अडखळल्याशिवाय गेला पाहिजे. यांपैकीं एकहि दोष आढळल्यास, अथवा पट्ट्याची एक पुरी जन्मठेप तिनें भोगली असल्यास, तीहि बदलावी. नवी बसवितांना तिच्या पाठीवरील खुंटी एंजिनावरील भोकांत नीट बसली आहे ना, तें पाहून मगच बोल्ट आवळावा आणि शेवटचा आवळ पुस्तकांतील मापानें मोजपान्यानेंच द्यावा. कांहीं गाड्यांत कप्पीचा बोल्ट उलट्या आट्यांचा असतो. न सुटल्यास जोर करण्याआधीं पुस्तक पाहावें.

सर्व कप्प्यांच्या खांचा कोरड्या ब्रशानें साफ कराव्या. कोठें तेल किंवा पाणी गळत असेल तर तें आधीं बंद करावें, नाहीं तर नवा पट्टाहि नासतो. पट्ट्यावर फवारावयाचीं औषधें मिळतात. त्यांच्या नादीं लागूं नये. पट्टा पेंचकसानें उचकून चढवूं नये. चित्राप्रमाणें तो ओंवावा आणि प्रत्येक कप्पीवर प्रत्येक धार आपापल्या खांचेंत आहे कीं नाहीं, हें विजेरीच्या उजेडांत बोट फिरवून पाहावें. एक धार कडेबाहेर राहिली तरी पट्टा थोड्याच दिवसांत चिंधड्या होतो. त्यानंतर पान्यानें एंजिन हातानेंच, त्याच्या फिरण्याच्या दिशेनें, दोन फेरे फिरवावें. मग तार जोडून एंजिन मिनिटभर चालवावें आणि दूर उभें राहून पाहावें.

एवढ्यावरहि आवाज येत असेल तर एक सोपी कसोटी आहे. एंजिन चालू असतां, हात दूर ठेवून, बाटलींतून पट्ट्याच्या धारांच्या बाजूस थोडें पाणी फवारावें. आवाज क्षणभर थांबून पुन्हां आला तर कप्प्या एका रेषेंत नाहींत. आवाज वाढला तर ताण कमी आहे. पहिल्या प्रकारांत मिस्त्रीस बोलावणेंच योग्य, पण त्याला काय सांगावयाचें हें आतां आपणांस ठाऊक असेल. जुना पट्टा धड असल्यास टाकूं नये; पान्यासह गाडीच्या डिकींत ठेवावा.

हें काम दोघांनीं करावें, एकानें पाना धरावा व दुसऱ्यानें पट्टा ओंवावा. दुसऱ्या जागीं घरांतील मुलीस किंवा मुलास उभें करावें. शाळेंत घर्षणाचा धडा घोकणाऱ्या मुलाच्या हातीं तो ताण एकदां प्रत्यक्ष लागला, म्हणजे मार्च महिन्यांत त्याला निराळें पाठांतर करावें लागणार नाहीं. पुढील अंकीं उन्हाळ्यांतील बॅटरीविषयीं लिहूं.