ऊसतोडीला निघण्याआधी अंथरुणावरच्या माणसाची सोय लावा

दसरा झाला की आपल्याकडची गावं रिकामी होतात. उचल घेतलेली असते, मुकादमाचा निरोप आलेला असतो. केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, कुठंही जा. घरात म्हातारी माणसं आणि लेकरं उरतात. त्यातल्या एखाद्या घरात अंगावरून वारं गेलेले आजोबा असतात, नाहीतर मान न धरणारं लेकरू असतं. हे सांगणं त्या घरांसाठी आहे.

औषधगोळ्या कशा द्यायच्या ते तुम्ही मागं राहणाऱ्याला समजावून देता. पण माणसाला निजवायचं कसं, बसवायचं कसं, हे सांगायचं राहून जातं. महिनोन् महिने दुमडून राहिलेला पाय पुढे सरळ होत नाही. मग धोतर नेसवणं अवघड, धुणं-पुसणं अवघड. पडून पडून माकडहाडावर जखम झाली तर ती लवकर भरत नाही.

आधी बाज बघा. मधे झोळ आला असेल तर माणूस कमरेत खाली जातो आणि हनुवटी छातीला टेकते. बाज ताणून घ्या. ताणली जात नसेल तर वर फळी टाका आणि त्यावर जाड गादी.

दिवसा दर दोन तासांनी कूस बदला. घड्याळ बघणं होत नसेल तर सकाळचा चहा, जेवण, दुपारचा चहा यांच्याशी वेळ जोडून घ्या. मधल्या वेळेला शेजारच्या पोराला हाक मारायला सांगा. रात्री एवढं जमणार नाही, पण चार तासांच्या वर एकाच कुशीवर ठेवू नका. सकाळी कातडी लाल दिसली तर तेवढा वेळही जास्त होतोय असं समजा.

कुशीवर निजवताना एकदम आडवं करू नका, खुब्याच्या हाडावर सगळा भार येतो. पाठीमागे वाकळेची गुंडाळी लावा आणि थोडं कलतं ठेवा. दोन्ही गुडघ्यांच्या मधे उशी घाला, ती घोट्यापर्यंत पोचू द्या. उताणं निजवलं तर पोटऱ्यांखाली घडी ठेवा, टाचा अधांतरी राहिल्या पाहिजेत. नुसत्या गुडघ्याखाली कायम उशी ठेवू नका. आराम वाटतो, पण पाय तसाच आखडतो.

लुळ्या हाताला धरून कधीही ओढू नका. काखेत हात घालूनही उचलू नका. खांदा निखळतो आणि पुढे रोज दुखतो. कमरेखाली जुन्या लुगड्याची चौपदरी घडी घाला. दोघांनी दोन्हीकडून धरून उचलायचं, फरफटवायचं नाही.

जेवण बसवूनच द्या. हनुवटी किंचित खाली असू द्या. जेवल्यावर अर्धा तास तसंच बसू द्या. निजल्यानिजल्या पाणी पाजलं तर ते फुप्फुसात जाऊ शकतं, आणि त्यातून न्यूमोनिया होतो. खुर्चीत बसवलं की कंबर मागे टेकलेली हवी, पाय लोंबकळता कामा नयेत. खाली पाट ठेवा, पाट नसेल तर दोन विटा.

लेकरू सोबत नेणार असाल तर कोपीत दिवसभर झोळीत ठेवू नका. झोळीत अंग गोल वळतं आणि ताठ लेकराचे पाय आणखी आखडतात. पायांची कात्री होत असेल तर कडेवर घेताना एक पाय पुढं, एक मागं असं फाकवून घ्या. तुमच्या आजीनं लेकरं अशीच घेतली, आणि ते बरोबरच आहे.

आंघोळीच्या वेळी माकडहाड, खुबे, टाचा रोज बघा. लाल दिसलं तर बोटानं दाबा. लाली जात नसेल तर त्या जागेवर भार येऊ देऊ नका. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, तिथं हात लावा. जागा गरम किंवा कडक लागली तरी तेच समजा. तेल लावून चोळू नका, आतली जागा आणखी दुखावते. हवा भरलेली गोल उशीही नको, तिच्या कडेनं रक्त अडतं. कातडी फुटली तर घरी काही लावत बसू नका, दवाखाना गाठा.

निघण्याआधी एकदा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन या. जो मागं राहणार आहे त्यालाच सोबत न्या, आणि कसं निजवायचं ते हातानं करून दाखवायला सांगा. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. गादी, खुर्ची यासाठी लेखी अर्ज द्या. दिव्यांग प्रमाणपत्र काढलेलं नसेल तर तेही काढून घ्या.

मागं राहणारी आजी एकटी असेल तर हे सगळं तिच्या अंगावर टाकू नका. जड माणूस वळवताना तिचीच कंबर जाईल. गावात थांबलेल्या एखाद्या भावकीतल्याला दिवसातून दोनदा यायला आजच सांगून ठेवा. दोघांनाही तुमच्यासमोर दोन दिवस करू द्या, चुकलं तर तिथंच सांगा. आशाताईंचा नंबर आजीच्या फोनमध्ये घालून द्या.

फडावरून संध्याकाळी फोन कराल तेव्हा ‘बरं आहे ना’ एवढंच विचारू नका. आता कोणत्या कुशीवर आहेत, टाचा बघितल्या का, जेवताना ठसका लागला का, हे विचारा.