सांगून त जा!

तर मंडळी, या वीकांताला जरा भांडायचंय. निमित्त एका मालिकेचं आहे, पण भांडण त्या एकाच मालिकेशी नाही.

'१८९९' ज्यांनी पाहिली त्यांना विषय कळला असेलच. बाकीच्यांसाठी थोडक्यात. 'डार्क' बनवणाऱ्या बारान बो ओडार आणि यान्त्ये फ्रीझ या जोडगोळीची ही पुढची मालिका. १७ नोव्हेंबर २०२२ ला नेटफ्लिक्सवर आठ भाग आले. १८९९ साली एक जहाज युरोपातून न्यूयॉर्कला निघालंय. वाटेत चार महिन्यांपूर्वी बेपत्ता झालेल्या दुसऱ्या एका जहाजाकडून संदेश येतो. कॅप्टन जहाज तिकडे वळवतो आणि मग एकेक कोडं पडत जातं. आठव्या भागाच्या शेवटी नायिका डोळे उघडते तर काय, ती २०९९ सालच्या अंतराळयानात! (हो, शेवट सांगून टाकला. पण तो शेवट नाहीच, हीच तर गोम आहे.) गोष्ट तीन पर्वांची ठरली होती. २ जानेवारी २०२३ ला ओडारने इन्स्टाग्रामवर जाहीर केलं, पुढचं पर्व होणार नाही. दीड महिन्यात खेळ खल्लास.

आता कोणी म्हणेल, मालिका बंद होतातच, त्यात काय एवढं? सासू-सुनेची मालिका उद्या बंद पडली तर माझं काही म्हणणं नाही. सून तशीच राहील, सासू तशीच राहील, आपण आपलं जेवून झोपू. भुताच्या गोष्टीचंही तसंच. भूत कुठून आलं ते नाही कळलं तरी चालतं, उलट नाही कळलं तर जास्त भीती वाटते. पण विज्ञानातली रहस्यकथा हा वेगळा प्रकार आहे. ती पहिल्या मिनिटाला हमी देते की बाबा रे, हे जे अचाट दिसतंय ना, त्यामागे कारण आहे. जादू नाही, चमत्कार नाही, कारण! त्या हमीवर आपण आठ-आठ तास डोळे ताणून बसतो, कोण कुठल्या दारातून गेलं ते वहीत लिहून ठेवतो. अशी गोष्ट अर्धी तोडली की नुसती करमणूक अर्धी राहत नाही. कारण सांगायचा तिचा वायदाच मोडतो.

उदाहरण घरचंच देतो. आमच्या वऱ्हाडात, बुलढाणा जिल्ह्यात लोणार आहे. उल्का आदळून बसाल्टमध्ये पडलेला खड्डा, त्यात खारं सरोवर. २०२० च्या जूनमध्ये ते पाणी अचानक गुलाबी झालं. अकोल्यापासून अमरावतीपर्यंत प्रत्येकाच्या व्हॉट्सअॅपवर तेच फोटो, आणि प्रत्येकाचा आपापला सिद्धांत. मग पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि सांगितलं, खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांचा हा रंग आहे. उत्तर कळलं म्हणून लोणारची गंमत कमी झाली का? अजिबात नाही, वाढली! मला तरी ही गंमत विज्ञानकथेतही हवी असते. नारळीकरांनी १९७४ मध्ये टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. परीक्षकांनी नाव बघून बक्षीस दिलं नव्हतं, कथा बघून दिलं होतं. आणि कथा स्पर्धेला पाठवायची म्हणजे आधी ती पूर्ण करावी लागते, नाही का?

बरं, अर्धवट गोष्टीची आम्हाला सवय नाही असंही नाही. माझ्या पिढीचं वऱ्हाडातलं बालपण भारनियमनात गेलं. ऐन रंगात आलेली मालिका, खुनी आता सापडणार, आणि लाईट गुल! पण त्यातही एक न्याय होता. भारनियमनाचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं, म्हणजे काय बुडणार ते आधी माहीत असायचं. आणि राजापेठेतली लाईट गेली तरी साईनगरातली असायची. दुसऱ्या दिवशी शाळेत कोणीतरी भेटायचंच, ज्याने शेवट पाहिलाय. मधल्या सुट्टीत त्याचा भाव काय वधारायचा! आताचा प्रकार बघा. अख्ख्या जगात एकाच वेळी लाईट गेली आहे. शाळेत विचारायला साईनगरचा पोरगाच नाही. अकोल्याच्या जठारपेठेतला माझा एक मित्र शेवटचा भाग संपल्यावर फोनवर एवढंच म्हणाला, "काहून बे असं करतात हे लोक? नाई बनवाचं त नका बनवू, पण काय झालं ते सांगून त जा!"

माझ्या मते या प्रश्नावर याहून नेमकं समीक्षण झालेलं नाही.

यावर तीन उत्तरं हमखास मिळतात. एकेक घेऊ.

पहिलं, "प्रवास महत्त्वाचा, मुक्काम नाही." हे वाक्य बोलणारा माणूस सहसा मुक्कामाला पोचलेला असतो. शेगावहून गजानन महाराजांची पालखी दरवर्षी पायी पंढरपूरला जाते. चालण्यातच आनंद आहे हे कुठलाही वारकरी सांगेल. पण मंगळवेढ्याला पोचल्यावर त्याला सांगून बघा, "माउली, पंढरपूर रद्द झालंय, चालण्याचा आनंद मिळाला ना, मग परत फिरा." काय उत्तर मिळतं ते मला कळवा.

दुसरं, "धंदा आहे, तोटा कोण सोसणार?" मान्य. नेटफ्लिक्सचे टेड सॅरंडोस २०२३ च्या जानेवारीत म्हणालेच होते, की आम्ही यशस्वी मालिका कधी बंद केलेली नाही, छोट्या प्रेक्षकवर्गासाठी मोठं बजेट परवडत नाही. ठीक आहे, मालिका बंद करा. पण बंद करणं आणि उत्तर गिळून बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्ही आयटीवाले रोज हेच करतो ना? प्रोजेक्ट गुंडाळला तरी हँडओव्हर चुकत नाही. राजीनामा दिलेला माणूससुद्धा नोटीस पीरियडमध्ये केटी देतो, मग त्याला मॅनेजरचं तोंड बघायची इच्छा असो वा नसो. मालिकेची केटी म्हणजे काय मोठं? दहा पानांचा सारांश, नाहीतर तासाभराचा एक भाग. हक्क कोणाचे, करार काय, ते त्यांनी आपसात बघावं. हे अशक्य नाही हे त्यांनीच दाखवलंय. 'सेन्स८' २०१७ मध्ये रद्द झाली, चाहत्यांनी गदारोळ केला आणि २०१८ च्या जूनमध्ये अडीच तासांचा शेवटचा भाग आला. 'फायरफ्लाय' २००२ मध्ये बंद पडली, २००५ मध्ये तिचा सिनेमा आला. पण 'द ओए' पाच भागांची ठरवलेली असताना २०१९ मध्ये दुसऱ्या भागावरच कापली. म्हणजे ज्याच्या चाहत्यांचा आवाज पोचला त्याला उत्तर, बाकीच्यांना ठेंगा.

तिसरं उत्तर सगळ्यात शहाणपणाचं वाटतं आणि सगळ्यात घातक आहे. "पूर्ण झाल्याशिवाय बघायचीच नाही." अहो, पण नेटफ्लिक्सनेच २०१९ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीला कळवलं होतं, की मालिका पहिल्या ७ आणि २८ दिवसांत किती जणांनी बघितली आणि किती जणांनी संपवली हे ते मोजतात. आपण रद्द होईल या भीतीने थांबायचं, आपण थांबलो म्हणून आकडा पडायचा, आकडा पडला म्हणून मालिका रद्द व्हायची, आणि मग आपण म्हणायचं, "बघ, मी म्हणत नव्हतो?" याला आमच्या भाषेत डेडलॉक म्हणतात. दोन्ही प्रोसेस एकमेकांची वाट बघत बसतात आणि सिस्टीम हँग. आणि या डेडलॉकमध्ये मरतं कोण? पुढची नवी, वेडी, धाडसी मालिका. उद्या एखाद्या मराठी पोरीने लोणारवर विज्ञान रहस्यमालिका लिहिली, तर तिच्या पहिल्या भागाला प्रेक्षक आणणार कुठून? आधीच्यांनी विश्वास खाऊन टाकलेला असेल ना!

म्हणून मागण्या साध्या आहेत. एक, रद्द झालेल्या मालिकेच्या पाटीवर "ही कथा अपूर्ण आहे" असं लिहा. बिस्किटाच्या पुड्यावर वजन छापता, सिनेमाआधी सिगारेटची सूचना दाखवता, मग इथे काय धाड भरली? दोन, बंद करणार असाल तर उत्तर सांगून बंद करा. तीन, लिहिणाऱ्यांनीही सगळे पत्ते पुढच्या पर्वासाठी दाबून ठेवू नयेत. 'जेएल ५०' ही २०२० ची आपली हिंदी मालिका बघा. पस्तीस वर्षांपूर्वी उडालेलं विमान आज कसं कोसळलं, हे कोडं. चार भागांत घातलं, चार भागांत सोडवलं. आवडो न आवडो, हिशेब चोख!

वेताळपंचविशी लहानपणी सगळ्यांनी वाचलीय. त्यात वेताळ नुसती गोष्ट सांगत नाही, राजाला दमही देतो, की उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोकं फुटेल. विक्रम दर वेळी बोलतो, मेहनत वाया जाते, प्रेत परत झाडावर जाऊन लटकतं, तरी बोलतो. ज्याला उत्तर माहीत आहे त्याने ते सांगायचं, हा गोष्टीचा इतका जुना नियम आहे.

असो. नवीन मालिका मी पहिल्या आठवड्यातच बघणार आहे, कोणीतरी आकडा वाढवायला हवाच. पण अर्धी सोडली तर जठारपेठेतला फोन तयार आहे.