प्रतिध्वनी ही साक्ष आहे, निकाल नव्हे

समुद्रतळाखाली काही ‘दिसले’ अशी बातमी येते, तेव्हा तिच्यासोबत बहुधा एक करडे, पट्ट्यापट्ट्यांचे चित्र असते. वाचक त्याला छायाचित्र समजतो आणि वृत्तपत्रेही तसेच छापतात. मात्र त्या अंधारात प्रकाश पोहोचलेलाच नसतो. ते चित्र प्रतिध्वनींच्या आगमनाच्या वेळांचे असते. हा भेद विसरल्याची किंमत आपल्या देशात विज्ञानाने मोजली आहे आणि येत्या दशकात अभियांत्रिकीलाही ती मोजावी लागेल, असे माझे मत आहे.

प्रथम पद्धत समजून घेऊ. जहाजावरील सोनार 3.5 किलोहर्ट्झच्या आसपासचा ध्वनी खाली सोडतो. त्यातील काही ऊर्जा तळावरून परतते, उरलेली गाळात शिरते. जिथे घनता आणि ध्वनिवेग यांचा गुणाकार बदलतो, त्या प्रत्येक सीमेवरून तिचा थोडा अंश परत येतो. मऊ चिकणमातीत हा ध्वनी काही दशक मीटर खोल जातो, तर वाळूत लवकर विरतो. कंप्रता घटवली की खोली वाढते, पण बारीक थर एकमेकांत मिसळून जातात. ही तडजोड निसर्गाने घातलेली आहे. उपकरण कितीही महाग घेतले तरी ती चुकत नाही.

यात मोजली जाते ती वेळ. खोली आपण त्या वेळेवरून काढतो. ध्वनीला जाऊन-येऊन 20 मिलिसेकंद लागले आणि गाळातील वेग सेकंदाला 1500 मीटर मानला, तर थर 15 मीटर खाली ठरतो. वेग 1700 मानला, तर तोच थर 17 मीटरवर जातो. शिवाय फसवी रूपेही असतात. पृष्ठभाग आणि तळ यांच्यात दुसऱ्यांदा हेलपाटा घालून आलेला प्रतिध्वनी दुप्पट खोलीवर एक खोटा तळ उभा करतो. गाळातील मिथेनचे बुडबुडे ध्वनी विखुरतात आणि खालचे सारे झाकून टाकतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात असे वायुयुक्त गाळ ठिकठिकाणी आढळतात. चित्र छापताना आडवे अंतर आवळले जाते, त्यामुळे सौम्य उतारही कडा भासतो.

मग खरे-खोटे ठरवायचे कसे? तळात नळी खुपसून किंवा विंधन करून गाळाचा उभा नमुना वर काढायचा. 2006 साली राष्ट्रीय गॅस हायड्रेट कार्यक्रमाच्या पहिल्या मोहिमेत ‘जॉइडिस रेझोल्यूशन’ या जहाजाने हेच केले. कमी कंप्रतेच्या भूकंपीय नोंदींत केरळ-कोकण खोऱ्यात हायड्रेटची खूण मानला जाणारा परावर्तक दिसत होता. प्रत्यक्ष विंधनात तेथे हायड्रेट आढळले नाही. त्याच मोहिमेत कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील एका ठिकाणी मात्र सुमारे 128 मीटर जाडीचा हायड्रेटयुक्त गाळ हाती आला. परावर्तकाने दोन्हीकडे आशा दाखवली होती. निवाडा विंधनाने केला.

याउलट उदाहरण खंबातच्या आखाताचे. मे 2001 मध्ये सोनारच्या नोंदींतील चौकोनी आकृत्यांच्या आधारे तेथे बुडालेले प्राचीन नगर सापडल्याची घोषणा झाली. वर आणलेल्या लाकडाच्या एका तुकड्याचे वय साडेनऊ हजार वर्षांच्या आसपास निघाले. पण तो तुकडा तळ खरवडून काढलेला होता. तो कोणत्या थरातला, हे सांगता येत नव्हते, आणि तेथील भरती-ओहोटीचे प्रवाह वस्तू दूरवर वाहून नेण्याइतके प्रबळ आहेत. जुने लाकूड म्हणजे जुनी वस्ती नव्हे. ते एखाद्या झाडाचेही असू शकते. वीस वर्षांहून अधिक काळ लोटला तरी ते ‘नगर’ समाजमाध्यमांवर नांदते आहे, पुरातत्त्वशास्त्राने मात्र ते स्वीकारलेले नाही.

येथे एक आक्षेप रास्त आहे. नमुना एका बिंदूचा असतो आणि खर्चिक असतो. सोनार एका दिवसात शेकडो किलोमीटरची नोंद करतो. हे मान्यच आहे. नळी कोठे खुपसावी हे सोनारच सांगतो, आणि दोन नमुन्यांच्या मधला थर सलग आहे की तुटलेला, हेही त्याच्यावाचून कळत नाही. म्हणूनच या दोहोंची फारकत होता कामा नये.

हा प्रश्न आता केवळ पंडितांचा राहिलेला नाही. 2021 साली 4,077 कोटी रुपयांच्या डीप ओशन मिशनला मंजुरी मिळाली. जून 2024 मध्ये गुजरात व तमिळनाडूच्या किनाऱ्यालगत प्रत्येकी 500 मेगावॅटच्या पवनऊर्जा प्रकल्पांसाठी केंद्राने साहाय्य मंजूर केले. पवनचक्कीचा पाया ज्या गाळात रोवायचा, त्यात वायूचा कप्पा आहे की घट्ट वाळू, हे चुकले तर दुरुस्ती भरसमुद्रात करावी लागेल.

म्हणून माझी मागणी साधी आहे. सार्वजनिक पैशातून झालेल्या प्रत्येक सर्वेक्षणाच्या चित्रासोबत उभे-आडवे प्रमाण, गृहीत धरलेला ध्वनिवेग आणि नमुन्याची जागा प्रसिद्ध व्हावी. नमुना नसेल, तर ‘अद्याप पडताळणी नाही’ असे त्याच घोषणेत स्पष्ट लिहावे. मूळ नोंदी ठरावीक मुदतीनंतर विद्यार्थ्यांना खुल्या कराव्यात. सुरक्षेच्या कारणाने काही क्षेत्रे वगळावी लागतील, पण अपवादाचा नियम होऊ नये.

आणि विद्यार्थी मित्रहो, पुढच्या वेळी असे करडे चित्र समोर आले, तर शीर्षक वाचण्याआधी त्याच्या कडेची मोजपट्टी पाहा. तिच्यावर मीटर लिहिले असतील, तर ते कोणत्या वेगाने काढले हे विचारा. मोजपट्टीच नसेल, तर ती बातमी अजून विज्ञानाच्या पानावर यायची आहे असे खुशाल समजा.