खाऱ्या पाण्याचे मासे : औषधाआधी विलगीकरण

खान्देशाला समुद्र नाही. मुंबईचा किनारा जळगावहून चारशे, तर धुळ्याहून तीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. तरीही या दोन शहरांतील काही हौशी घरांच्या दिवाणखान्यांत छोटेखानी समुद्र अवतरला आहे. नारिंगी-पांढरे क्लाउनफिश, निळे टँग आणि रंगीत खडकांनी सजलेली काचेची टाकी पाहुण्यांचे लक्ष वेधून घेते. २००३ च्या 'फाइंडिंग निमो' या चित्रपटाने या माशांची ओळख घरोघरी पोहोचवली. आरओचे पाणी आणि तयार सागरी मीठ यांच्या आधारे समुद्र कोठेही उभा करता येतो, हेही आता सर्वांना ठाऊक झाले आहे. मात्र, नव्या माशासोबत टाकीत कोण शिरते, याचा विचार फारसा होत नाही. एका आजारी माशामुळे आठवडाभरात सारी टाकी रिकामी होते आणि दोष पाण्याला, उन्हाला किंवा नशिबाला दिला जातो. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा घाईचा असतो.

ठिपका दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो

सागरी माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके पडतात, त्या रोगाचे कारण 'क्रिप्टोकॅरियन इरिटन्स' हा एकपेशीय परजीवी. जपानमध्ये १९३७ मध्ये त्याची नोंद झाली आणि १९५१ मध्ये त्याला हे शास्त्रीय नाव मिळाले. त्याचे जीवनचक्र समजून घेतल्याशिवाय उपचाराचे गणित उलगडत नाही. हा जीव माशाच्या त्वचेखाली आणि कल्ल्यांत तीन ते सात दिवस पोसतो. नंतर तो माशाला सोडून तळाशी जातो आणि स्वतःभोवती कवच तयार करतो. त्या एका कवचातून पुढे दोनशेच्या आसपास पिल्ले बाहेर पडू शकतात. पोहत निघालेल्या या पिल्लांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही, तर ती मरतात.

औषध लागू पडते ते केवळ या पोहणाऱ्या अवस्थेवर. माशाच्या अंगातील आणि कवचातील परजीवी त्याच्या तावडीतून सुटतात. म्हणूनच चार दिवसांनी ठिपके नाहीसे झाले की 'मासा बरा झाला' असे समजणे ही सर्वांत महागात पडणारी चूक ठरते. परजीवी तेव्हा गेलेला नसतो, तर वाळूत आपली संख्या वाढवत असतो. कवचातून पिल्ले बाहेर पडण्यास कधी तीन दिवस पुरतात, तर कधी ७२ दिवसही लागल्याची नोंद शास्त्रीय साहित्यात आहे. रोग शिरलेली मुख्य टाकी माशांविना सुमारे अडीच महिने रिकामी ठेवण्याचा सल्ला अनुभवी मत्स्यपालक देतात, तो याच कारणाने.

गोड्या पाण्याचा अनुभव येथे उपयोगी नाही

खान्देशातील बहुतेक मत्स्यशौकिनांची सुरुवात गोल्डफिश, गप्पी, एंजल अशा गोड्या पाण्यातील माशांपासून होते. त्यांनाही पांढऱ्या ठिपक्यांचा रोग होतो. पाण्याचे तापमान तीसच्या वर नेणे आणि चिमूटभर मीठ टाकणे, हा त्यावरील परिचित उपाय. परंतु तो रोग 'इक्थिओफ्थिरियस' या वेगळ्या परजीवीचा आहे. सागरी परजीवी तीस अंशांना सहज तगतो. उलट उबदार पाण्यात त्याचे चक्र अधिक वेगाने फिरते. मीठ वाढवण्याने तर काहीच साधत नाही. येथे मीठ कमी करावे लागते. दर लिटरला ३५ ग्रॅम असलेली क्षारता हळूहळू १५-१६ ग्रॅमपर्यंत खाली आणून तीन ते चार आठवडे राखणे, ही एक मान्य उपचारपद्धती आहे.

मात्र, हाच उपाय 'अ‍ॅमिलूडिनियम' या दुसऱ्या परजीवीवर निष्प्रभ ठरतो, कारण तो कमी क्षारतेतही सुखाने जगतो. 'व्हेल्वेट' या नावाने परिचित असलेल्या या रोगात माशाच्या अंगावर सोनेरी धूळ बसल्यासारखी दिसते, श्वास जलद होतो आणि काही दिवसांतच मासा दगावतो. क्लाउनफिशना विशेषतः छळणारा 'ब्रूकलिनेला' हा तिसरा शत्रू. त्यात त्वचेवर चिकट पांढुरका थर चढतो. कल्ल्यांना आणि डोळ्यांना चिकटणारे चपटे कृमी हा आणखी वेगळा प्रकार असून, त्यांवर गोड्या पाण्यात काही मिनिटे बुडवणे आणि प्राझिक्वांटेल हे औषध उपयोगी पडते. थोडक्यात, निदान चुकले की उपचारही चुकतो. कल्ल्याचा किंवा त्वचेवरील स्रावाचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हाच निदानाचा खरा मार्ग आहे.

मोरचूद आणि चिमटीचे गणित

ठिपके आणि व्हेल्वेट या दोन्हींवर सर्वाधिक वापरले जाणारे औषध म्हणजे तांबे. कॉपर सल्फेट, म्हणजेच मोरचूद, खान्देशातील शेतकऱ्याला नवे नाही. बोर्डो मिश्रणासाठी तो कृषी सेवा केंद्रातून ते आणतो. सहज मिळणारी ही निळी पूड टाकीत टाकण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु आकडेवारी डोळ्यांखालून घातली की धोका स्पष्ट होतो. मुक्त तांब्याची उपयुक्त मात्रा दर लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम इतकीच आहे. मोरचुदात तांबे सुमारे एक चतुर्थांश असते. म्हणजे शंभर लिटर पाण्याला अवघे ८० मिलिग्रॅम मोरचूद पुरते. हे वजन ग्रॅमच्या दहाव्या भागाहूनही कमी असून, अंदाजाने घेतलेल्या एका चिमटीत त्याच्या काही पट पूड येते. मात्रा कमी पडली तर परजीवी वाचतो. जास्त झाली तर मासा मरतो. शिवाय शेतीसाठीच्या पुडीच्या शुद्धतेची हमी नसते. मत्स्यपालनासाठीचे तयार द्रावण आणि तांबे मोजणारा चाचणी संच यांशिवाय हा उपचार करू नये, हे उघड आहे. काही तयार द्रावणांत तांबे बांधलेल्या स्वरूपात असते आणि त्यांची मात्रा निराळी असते. त्यामुळे बाटलीवरील सूचना काळजीपूर्वक वाचाव्या लागतात.

तांबे मुख्य टाकीत टाकता येत नाही, याचे कारणही तितकेच ठोस आहे. कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ यांना ते विष ठरते. चुनखडीयुक्त खडक आणि वाळू तांबे शोषून घेत असल्याने मात्रा स्थिर राहत नाही, आणि नंतर तेच तांबे पाण्यात परत मिसळू शकते. म्हणून वेगळी टाकी हवी. तिच्यात वाळू नको, खडक नको. आधीपासून मुख्य टाकीत ठेवलेला स्पंज फिल्टर, हवेचा पंप, तापमापक आणि लपण्यासाठी प्लॅस्टिक पाइपचे दोन-चार तुकडे एवढ्यावर भागते. नवा मासा येथे किमान चार ते सहा आठवडे राहावा. अमोनिया रोज तपासावा आणि पाणी वेळोवेळी बदलावे.

उन्हाळ्याची कसोटी

मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो. पाणी तापले की त्यातील प्राणवायू घटतो, आणि कल्ले परजीवींनी पोखरलेल्या माशाला नेमकी प्राणवायूचीच गरज असते. कोरड्या हवेत बाष्पीभवन झपाट्याने होते. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते, आणि दोन दिवस लक्ष न दिल्यास क्षारता वर चढते. क्षारता घटवण्याचा उपचार सुरू असताना तर ही चढण सारे मुसळ केरात घालवते. उडालेल्या पाण्याची भरपाई खाऱ्या नव्हे, तर शुद्ध गोड्या पाण्याने करावी लागते. वीज गेल्यास हवेचा पंप चालू ठेवणारी बॅटरीही येथे आवश्यक ठरते.

जबाबदारी कोणाची?

प्रवाळक्षेत्रातून पकडलेला मासा निर्यातदार, आयातदार, महानगरातील घाऊक व्यापारी आणि शहरातील दुकानदार असा प्रवास करून ग्राहकापर्यंत येतो. प्रत्येक टप्प्यावर पाणी बदलते, शेजारी बदलतात, ताण वाढतो. मासा विकला जाईपर्यंत जिवंत राहावा, यातच प्रत्येक टप्प्याचे हित असते. तो महिनाभर निगराणीखाली ठेवण्यात जागा, वीज आणि वेळ जातो. परिणामी विलगीकरणाचा सारा भार साखळीतील सर्वांत कमी अनुभवी घटकावर, म्हणजे ग्राहकावर पडतो.

कायद्याने हा प्रश्न हाताळण्याचा प्रयत्न २०१७ मध्ये झाला. केंद्राने मत्स्यालय दुकानांसाठी नियम अधिसूचित केले. मात्र, क्लाउनफिश, बटरफ्लायफिश, एंजलफिश यांसह १५८ प्रजातींच्या विक्रीवर बंदी घालणाऱ्या यादीमुळे व्यावसायिकांनी मोठा विरोध केला आणि पुढे ते नियम मागे घेण्यात आले. बंदीच्या वादात दुकानातील माशांच्या आरोग्याचा साधा मुद्दा झाकोळला गेला. समुद्री घोडे आणि खडक बनवणारी प्रवाळे मात्र २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, हे खरेदीदारांनी विसरू नये.

पर्याय नाहीत असे नाही. क्लाउनफिशचे प्रजनन आता भारतातच केले जाते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याचे तंत्र विकसित केले आहे. हॅचरीतील मासा टाकीतील जीवनाला सरावलेला असतो आणि प्रवाळक्षेत्रावर भारही टाकत नाही. माशांच्या रोगांची माहिती कळवण्यासाठी केंद्राने २०२३ मध्ये 'रिपोर्ट फिश डिसीज' हे मोबाइल अ‍ॅप सुरू केले. त्याचा रोख शेततळी व तलावांतील मत्स्यशेतीवर असला, तरी शोभिवंत माशांच्या दुकानांचीही अशी नोंद व तपासणी होणे अशक्य नाही.

तोवर शहाणपण ग्राहकाच्या हातीच आहे. मासा दुकानात किती दिवसांपासून आहे, तो खातो का, कोणते औषध दिले आहे, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय खरेदी करू नये. उत्तर समाधानकारक मिळाले तरी घरी वेगळी टाकी तयार असावी. २०२० मध्ये 'विलगीकरण' हा शब्द प्रत्येक घराने अनुभवातून शिकला. समुद्रातील बहुतांश शोभिवंत मासे आजही निसर्गातूनच पकडले जातात. त्यामुळे खान्देशातील टाकीत मेलेल्या प्रत्येक माशाची जागा घेण्यासाठी कोठल्या तरी प्रवाळातून दुसरा मासा उचलला जातो. सहा आठवड्यांचा संयम ज्याला परवडत नाही, त्याने गोड्या पाण्याचीच टाकी ठेवणे श्रेयस्कर.