‘तुका म्हणे’ : पण कोणत्या गाथेत?

मराठी समीक्षेत संदर्भ देणे हा अद्यापही लेखनाचा बाह्य उपचार मानला जातो. प्रतिपादन पूर्ण झाल्यावर टीपा जोडाव्यात, मार्गदर्शकाने आग्रह धरलाच तर त्या वाढवाव्यात, अशी ही समजूत आहे. वास्तविक संदर्भ हा प्रतिपादनाचा पुरावा असतो. आणि जो पुरावा वाचकाला तपासता येत नाही, त्याच्या आधारे काढलेला निष्कर्ष हे केवळ मत होय. तुकारामविषयक लेखन हे या अनास्थेचे ठळक उदाहरण आहे.

प्रबंधांतून अभंग उद्धृत होतात आणि खाली ‘तुकाराम गाथा’ एवढाच निर्देश असतो. फार तर एक क्रमांक. परंतु या नावाचा एकच एक ग्रंथ अस्तित्वात नाही. शंकर पांडुरंग पंडित यांच्या देखरेखीखाली विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेली गाथा इंदुप्रकाश छापखान्यातून 1869 व 1873 मध्ये दोन भागांत निघाली. वि. ल. भावे यांनी संताजी जगनाडे यांच्या वह्यांवरून 1919–20 मध्ये प्रसिद्ध केलेली गाथा निराळी. विष्णुबुवा जोगांची सार्थ गाथा निराळी. शिवाय 1950 ची सरकारी आवृत्ती आहेच. पंडितांच्या गाथेत साडेचार हजारांहून अधिक अभंग, तर भाव्यांच्या गाथेत तेराशेच्या आसपास. अभंगांचे क्रमांक जुळत नाहीत, पाठही ठिकठिकाणी भिन्न आहेत. संस्करणाचे नाव नसलेल्या क्रमांकाने वाचक कोठेच पोहोचत नाही.

हा प्रश्न निव्वळ तांत्रिक नाही. एक समीक्षक तुकारामांना बंडखोर ठरवतो, दुसरा वर्णव्यवस्थेशी जुळवून घेणारा. दोघांच्याही हाती अभंग असतातच. ते कोणत्या संहितेतून घेतले हे दोघेही सांगत नाहीत तोवर या वादाचा निकाल लागणे अशक्य आहे. शिवाजी महाराजांना उद्देशून असलेल्या अभंगांच्या अस्सलपणाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. त्याच अभंगांवर तुकारामांचा राजकीय विचार उभारताना हा मतभेद अनुल्लेखित ठेवणे, याला विस्मरण म्हणता येत नाही. गाथेत ‘तुकयाबंधु’ ही नाममुद्रा असलेले, धाकटे बंधू कान्होबा यांचे अभंगही आहेत. नाममुद्रेचा चरण गाळून सोयीचे दोन चरण उचलणारा अभ्यासक एका भावाचे शब्द दुसऱ्याच्या तोंडी घालतो.

यावर ठरलेले उत्तर असे, की संतवाणी मौखिक आहे, लोकांची आहे. तिला संस्करणांच्या चौकटीत कोंडणे हे पाश्चात्त्य विद्यापीठांचे खूळ आहे. हे उत्तर परंपरेच्याच अज्ञानातून येते. कीर्तनकार स्मरणातून अभंग म्हणतो, कारण समोरच्या श्रोत्यांनाही तो पाठ असतो. चूक तेथल्या तेथे लक्षात येते. प्रबंधाच्या वाचकाला ती सोय नाही. आणि पाठाच्या शुद्धतेची काळजी परदेशातून आयात झालेली नाही. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तशी नोंद केली आणि तीत स्वतःची ओवी घालणाऱ्यास निर्भर्त्सनेच्या शब्दांत ताकीद दिली. परंपरेचा हवाला द्यायचा तर तो या शिस्तीसकट दिला पाहिजे.

याहून गंभीर दोष उसनवारीचा आहे. अभंग घ्यायचा दुसऱ्या समीक्षकाच्या पुस्तकातून, त्याच्या मुद्रणदोषासकट आणि त्यानेच दिलेल्या क्रमांकासह. ग्रंथसूचीत मात्र मूळ गाथा नोंदवायची. दुय्यम आधार वापरणे गैर नाही, तो लपवणे गैर आहे. लपवलेल्या आधारामुळे एकाच्या वहीतील चूक पुढच्या दहा प्रबंधांत जाते आणि दहा वेळा छापली गेली म्हणून प्रमाण ठरते. ‘तत्रैव’ लिहिणाऱ्याने ‘तत्र’ म्हणजे कोठे, हे स्वतः पाहिलेले असावे, ही अपेक्षा अवाजवी नव्हे.

जबाबदारी एकट्या विद्यार्थ्याची नाही. संस्करणाचा निर्देश नसलेला प्रबंध जो मार्गदर्शक पुढे पाठवतो आणि जो परीक्षक स्वीकारतो, त्या दोघांनीही गाथा उघडलेली नसते. अवतरण न पडताळता ज्या निष्कर्षाला पदवी मिळते, त्या निष्कर्षाचे खंडन करण्याची वाटही त्याच वेळी बंद होते. आणि ज्याचे खंडन करता येत नाही, ते लेखन समीक्षा या संज्ञेला पात्र नाही.