फळमाशीला गडगा दिसत नाही

गेल्या मे महिन्यात पुण्याच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला. "काका, हापूस कापला तर आत अळ्या वळवळतायत." पेटीचे पैसे परत केले. पण लाज वाटली ती वाटलीच.

माझ्या बागेत सापळे होते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा, हेक्टरी ४, शिफारशीप्रमाणे. मग चुकलं कुठे?

शेजारी. गडग्यापलीकडची बाग चाकरमान्यांची, कराराने दिलेली. करार संपला की तिकडे कोणी फिरकत नाही. कलमांखाली आंब्यांचा सडा. आपण त्याला कचरा म्हणतो, पण ती माशांची पैदास आहे. मादी तयार होत आलेल्या आंब्याची साल टोचून आत अंडी घालते. दोन-तीन दिवसांत अळी गरात शिरते. आंबा गळतो, पोसलेली अळी बाहेर पडून मातीत कोष करते. साधारण महिन्याभरात नवी माशी तयार! एप्रिलचा पडलेला आंबा उचलला नाही, तर मेच्या आंब्यावर त्यातलीच माशी बसते.

अळी गरात आणि कोष मातीत, तिथे फवारा पोचत नाही. सापळ्यातल्या मिथाइल युजेनॉलला भुलतात फक्त नर. शेजारून आलेल्या, आधीच फळलेल्या मादीला तो अडवत नाही.

१ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंबा बंद केला, तो फळमाशीमुळेच. बंदी उठली जानेवारी २०१५ मध्ये, म्हणजे तो हंगाम गेलाच. तेव्हा कोणी विचारलं नाही की माशी कुणाच्या बागेतली.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. हे एकट्या बागायतदाराचं काम नाही, गावाचं आहे. ग्रामसभेने ठराव करावा: सगळ्या बागांत सापळे एकाच आठवड्यात लागतील. पडलेला आंबा आठवड्यातून दोनदा गोळा होऊन दोन-तीन फूट खोल खड्ड्यात पुरला जाईल. मालक गावात नसेल तिथे पंचायतीने मजूर लावावेत आणि मजुरी मालकाकडून घ्यावी.

"मजूर मिळतात कुठे?" असं कोणीतरी म्हणेलच. खरंय, मिळत नाहीत. पण फवारणीला, काढणीला आपण कुठून तरी आणतोच ना?

येत्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. एकटा उभा राहिलो तर हसतील. तुमच्यापैकी कोण कोण येतंय?