शनिवारच्या यादीत न लिहिलेल्या चार वस्तू

सोमवारी सकाळी दवाखान्याच्या बाकावर कोण बसलंय, यावरून रविवारी घराघरांत काय चाललं होतं, याचा मला अंदाज येतो. कुणाचं मनगट सुजलेलं असतं, कुणाचा डोळा लाल असतो, कुणाची कंबर धरलेली असते. विचारलं की उत्तर ठरलेलं: "काही नाही हो डॉक्टर, घरातलंच जरा काम करत होतो."

या 'घरातलंच'बद्दल आज लिहायचं आहे. आणि दुसऱ्या कुणाचं उदाहरण देण्याआधी स्वतःचं देतो.

मागच्या पावसाळ्यानंतर आमच्या बाल्कनीच्या भिंतीला ओल येऊन रंगाचे पापुद्रे सुटले होते. सौ.नं आणि मी ठरवलं, या शनिवार-रविवारी हे काम आपणच उरकायचं. शनिवारी सकाळी बोहरी आळीत गेलो. यादी हातात होती: पॉलिश पेपर, पत्रा, पांढरं सिमेंट, रंगाचा डबा, ब्रश, पडद्याच्या दांडीसाठी हूक, ड्रिलचं पातं. परत येताना पिल्लासाठी खाणं आणि गळपट्टा. सोसायटीच्या फाटकाशी सापडलेलं दोन महिन्यांचं ते पिल्लू आठवडाभरापूर्वीच घरी आलं होतं. सौ.नं त्याचं नाव बुंदी ठेवलं होतं.

रविवारी मी प्लास्टिकच्या खुर्चीवर उभा राहून भिंत घासत होतो. तोंडाला काही बांधलेलं नाही, डोळ्यांवर काही नाही. बुंदी खाली पायात घुटमळत होती. तिला बाजूला करायला वाकलो, तर खेळता खेळता तिनं बोटाला दात लावला. रक्ताचे दोन थेंब आले. मी बोट पँटला पुसलं आणि पुन्हा कामाला लागलो.

सौ.नं ते पाहिलं. म्हणाली, "अहो, इंजेक्शन?"

मी म्हटलं, "अगं, घरचंच पिल्लू आहे. खेळत होतं."

ती म्हणाली, "हेच एखाद्या पेशंटनं सांगितलं असतं, तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पेशंटला मी चांगलाच रागावलो असतो.

दोन थेंबांचा हिशेब

रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली, की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. पण लक्षणं दिसण्याआधी योग्य उपचार वेळेवर झाले, तर हा रोग टाळता येतो. लुई पाश्चरनं 6 जुलै 1885 रोजी पिसाळलेल्या कुत्र्यानं चावलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा लस दिली, तेव्हापासून हे आपल्याला माहीत आहे. म्हणजे इथे मरणाचं कारण बहुतेक वेळा औषध नसणं हे नसून 'काही होत नाही' म्हणणं हे असतं.

प्राण्यानं नुसतं अखंड त्वचेला चाटलं, तर काही करावं लागत नाही. रक्त न येता ओरखडा उठला, तर लस घ्यावी लागते. दात लागून रक्त आलं, किंवा आधीच्या जखमेवर चाटलं, तर लस आणि त्याबरोबर जखमेत व जखमेभोवती द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन, अशी दोन्ही लागतात. जखम केवढी मोठी, यावर हे ठरत नाही. दोन थेंबही तिसऱ्याच गटात मोडतात.

पहिलं काम घरीच करायचं असतं: वाहत्या पाण्याखाली, साबण लावून, घड्याळ लावून पंधरा मिनिटं जखम धुणं. हळद, चुना, तिखट, तेल यांतलं काहीही लावायचं नाही. घट्ट पट्टी बांधायची नाही. मग त्याच दिवशी दवाखाना. दंडात घ्यायची लस 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी असते. कातडीत देतात ती 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी. सरकारी रुग्णालयांत ही लस मोफत मिळते.

"कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवू, मग बघू," असं अनेक जण म्हणतात. नजर जरूर ठेवा, पण पहिली लस घेऊन मग. कुत्रं दहा दिवस ठणठणीत राहिलं, तर पुढचे डोस कसे द्यायचे हे डॉक्टर ठरवतील.

आणि पिल्लू लहान आहे म्हणून ते सुरक्षित, हेही खरं नाही. पिल्लाला रेबीजची लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर देतात. म्हणजे आपण ज्याला सर्वांत जास्त कुशीत घेतो, त्याच वयात त्याला लस मिळालेली नसते. मुलांच्या बाबतीत तर जास्तच सावध राहायला हवं. "कुत्र्याला हात लावलास ना!" म्हणून आई ओरडेल, या भीतीनं मुलं ओरखडा लपवतात. घरात प्राणी असेल, तर मुलांना एवढंच सांगा की दात किंवा नख लागलं तर लगेच सांगायचं, कुणी रागावणार नाही. आणि मग खरंच रागावू नका.

मी त्या दुपारी बोट धुतलं आणि लस व इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही घेऊन आलो. बुंदी मजेत आहे, मीही. पण खुर्चीवरून उतरल्यावर बाकीच्या कामाकडे पाहिलं आणि लाज वाटली.

भिंत, डोळा आणि न्हाणीघर

आमची इमारत जुनी आहे. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त नसावं, हा नियम आपल्याकडे 2016 मध्ये झाला आणि 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांच्या थरांत शिसं असण्याची शक्यता बरीच असते. तो थर कोरडा घासला, की शिशाची धूळ घरभर बसते. लहान मुलांच्या मेंदूला आणि पोटातल्या बाळाला ती सर्वांत जास्त घातक. म्हणून भिंत ओली करून खरवडावी, एन-95 मास्क लावावा, फरशी झाडू नये तर ओल्या फडक्यानं पुसावी. गरोदर बाई आणि लहान मुलांनी त्या दिवशी दुसरीकडे राहिलेलंच बरं.

छताला ड्रिल मारताना कण डोळ्यात पडला, तर चोळू नका. साध्या धुळीला स्वच्छ पाणी पुरतं. पण चुना किंवा सिमेंट गेलं, तर डोळा तिथल्या तिथे वाहत्या पाण्यानं किमान वीस मिनिटं धुवा आणि मगच निघा. चुना डोळ्यात खोलवर भाजत जातो. उलट, धातूचा कण बुबुळात रुतला असेल, तर तो काढायला जाऊ नका, डोळा दाबू नका, वर कागदी पेला झाकून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

काम संपल्यावर न्हाणीघर घासताना फरशीचं अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र ओतू नका. 'दुप्पट स्वच्छ' होण्याऐवजी क्लोरीन वायू तयार होतो आणि बंद न्हाणीघरात छातीत भरतो. चुकून झालंच, तर बादली आवरत बसू नका, आधी बाहेर पडा. धाप लागली, खोकला थांबेना, तर दवाखान्यात या.

पडण्याबद्दल एकच सांगतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या माणसाचं डोकं आपटलं, तर वरून काही दिसत नसलं तरी त्याच दिवशी दाखवा. इतरांनाही उलटी, गुंगी, असंबद्ध बोलणं, हातापायात अशक्तपणा, फिट यांपैकी काहीही दिसलं तर वाट पाहू नका.

मग काय, काहीच करायचं नाही?

असं कुणी म्हणेल. मला तसं अजिबात म्हणायचं नाही. दोघांनी मिळून घरातलं काम करणं हे शरीराला चांगलं आणि संसारालाही. प्राणी पाळणंही चांगलंच. माझं म्हणणं फक्त इतकंच, की घर आपलं आहे म्हणून शिडी, रसायनं आणि दात आपली गय करत नाहीत. कारखान्यात जे बिनहेल्मेट चालत नाही, ते घरात चालतं, असं आपण का धरून चालतो?

"त्यापेक्षा माणूस बोलावू," हेही पूर्ण उत्तर नाही. रंगारी बोलावला तर धोका नाहीसा होत नाही, फक्त आपल्या छातीवरून त्याच्या छातीवर जातो. तो तर ती धूळ रोज खातो. त्याला मास्क आणि धड शिडी देणं हे आपलंच काम आहे.

आमच्या यादीत त्या शनिवारी सगळं होतं, या चार वस्तू सोडून. आता त्या सौ.नं यादीच्या सुरुवातीलाच लिहिल्या आहेत:

1. डोळ्यांना सगळीकडून झाकणारा गॉगल. शे-दोनशे रुपयांत मिळतो.
2. एन-95 मास्क आणि रबरी हातमोजे.
3. न डगमगणारी शिडी. भिंतीला टेकवून लावायची असेल, तर दर चार फूट उंचीला तिचा पाय एक फूट बाहेर असावा. खाली धरायला दुसरं माणूस हवं.
4. लसींची वही. तिच्यात प्राण्याच्या लसींबरोबर आपल्याही: धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं, ते लिहा. दहा वर्षं उलटली असतील, तर जखम होण्याची वाट न पाहता घेऊन टाका.

आणि एक पाचवी गोष्ट, जी बाजारात मिळत नाही. कामाला लागण्याआधी नवऱ्यानं बायकोला किंवा बायकोनं नवऱ्याला विचारायचा तो प्रश्न: "हेच दुसऱ्या कुणी केलं असतं, तर आपण काय म्हटलं असतं?"

माझ्या घरी तो वेळेवर विचारला गेला. तुमच्याही घरी विचारला जावा, म्हणून हे लिहिलं.